पाहुणे परत आले, मग पैसे का नाही आले? श्रीलंकेच्या पर्यटनाबद्दल

प्रश्न असा आहे: "श्रीलंकेत २०१९ ला बॉम्बस्फोट झाले, २०२२ ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले. तेव्हा पर्यटन बुडालं हे समजू शकतो. पण आता वर्षाला वीस लाखांवर पर्यटक येतायत. तरी तिथले हॉटेलवाले आणि गाडीवाले धंदा नाही म्हणून कुरकुरतात, ते का? युरोपियनांच्या जागी भारतीय आणि रशियन आले तर अर्थव्यवस्थेला काय फरक पडतो? डॉलर तो डॉलरच ना?"

पर्यटन कंपन्यांसाठी हॉटेलच्या खोल्या आणि गाड्या ठरवण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी श्रीलंकेत. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण गोम तिथेच आहे. डॉलर तोच, हे कबूल. पण तो देशात किती रात्री राहतो, कुठल्या रस्त्याने फिरतो आणि कुणाच्या खिशात उतरतो, हे तो कुणाबरोबर आला यावर ठरतं. राजकीय गोंधळाने पर्यटक कमी होतात, हा वरवरचा परिणाम. कोणते पर्यटक आधी परततात आणि कोणते उशिरा, की परततच नाहीत, हे तोच गोंधळ ठरवून जातो. तो परिणाम जास्त काळ टिकतो आणि मासिक आकडेवारीत दिसत नाही.

आकडे एकदा समोर ठेवू. २०१८ हे तिथलं भरभराटीचं वर्ष. २३ लाख ३३ हजार पर्यटक, ४.३८ अब्ज डॉलरचं उत्पन्न. २०२४ मध्ये पर्यटक साडेवीस लाख, उत्पन्न ३.१७ अब्ज डॉलर. म्हणजे माणसं ८८ टक्के परत आली आणि पैसे ७२ टक्के. माणशी १,८७५ डॉलरच्या आसपास असलेला खर्च साडेपंधराशेच्या घरात आला. मधल्या सहा वर्षांत महागाईने डॉलरची किंमतही घटली, म्हणजे खरा खड्डा याहून खोल. (एक सावधगिरी. हे उत्पन्न कुणी गल्ला मोजून काढत नाही. पर्यटकांचा पाहणीतून काढलेला रोजचा सरासरी खर्च, गुणिले मुक्कामाचे दिवस, असा तो अंदाज असतो. तेव्हा दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवरून भांडू नये. दिशा मात्र बरोबर आहे, आणि ती माझ्या वहीशी जुळते.)

आता २०१९ आणि २०२२ या दोन धक्क्यांची गल्लत होते ती सोडवू.

२१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि कोलंबोतली तीन मोठी हॉटेलं यांवर हल्ले झाले. अडीचशेहून अधिक माणसं गेली, त्यात चाळीसच्या वर परदेशी. मे महिन्यात आदल्या वर्षी १ लाख २९ हजार पर्यटक आले होते, ते एकदम ३७,८०२ वर आले. आम्ही सगळ्यांनी हात टेकले होते. पण डिसेंबरमध्ये आकडा २ लाख ४१ हजारांवर होता, आदल्या डिसेंबरपेक्षा फक्त साडेचार टक्के कमी. आठ महिन्यांत! हल्ला करणारे मारले गेले किंवा पकडले गेले, युरोपीय सरकारांनी प्रवासाबद्दलचे इशारे सौम्य केले, ऑगस्टपासून सुमारे पन्नास देशांना व्हिसा फुकट झाला, हॉटेलांनी दर पाडले. तारीख असलेला घाव पर्यटन लवकर विसरतं.

२०२२ ला घटना नव्हती, अवस्था होती. मार्चअखेर दिवसाला तेरा-तेरा तास वीज नाही. रुपया डॉलरला दोनशेवरून मे महिन्यापर्यंत साडेतीनशेच्या पुढे. १२ एप्रिलला सरकारने जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते थांबवतोय. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात होते आणि चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष मालदीवमध्ये. या सगळ्यात पर्यटकाला मुद्दाम कुणी हात लावला नाही. पण माझा ड्रायव्हर पाहुण्यांना आणायला जायचं सोडून पेट्रोलच्या रांगेत दीड दिवस उभा होता, आणि डोंगरातल्या एका छोट्या हॉटेलात गॅस नाही म्हणून मागच्या अंगणात तीन दगड मांडून सरपणावर नाश्ता होत होता. त्या वर्षी अख्ख्या देशात ७ लाख २० हजार पर्यटक आले. त्या छोट्या हॉटेलाच्या मालकीणबाई मला म्हणाल्या, "बॉम्ब फुटला तेव्हा लोकांना माहीत होतं की काय झालं. आता काय सांगू, कधी संपेल?" ग्राहकाला हेच सांगता येत नसलं की परदेशातली कंपनी तुमचं नाव पुढच्या हंगामाच्या यादीतून काढते.

ही यादी कशी चालते ते नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

जर्मनी-ब्रिटनमधल्या मोठ्या टूर कंपन्या हंगामाच्या सात-आठ महिने, कधी वर्षभर आधी हॉटेलांशी करार करतात. हॉटेल त्यांच्यासाठी ठरावीक खोल्या राखून ठेवतं, याला आमच्यात 'अॅलॉटमेंट' म्हणतात. मग जाहिरात, मग बुकिंग, मग विमानाच्या जागा. त्यांच्या परराष्ट्र खात्याने "अत्यावश्यक असेल तरच जा" असा इशारा काढला की बहुतेक प्रवास विमे निरुपयोगी होतात, आणि विमा नाही म्हणजे कंपनी माणूस पाठवूच शकत नाही. मग विमान कंपनी ते विमान दुसऱ्या मार्गावर लावते. इशारा दोन महिन्यांत मागे घेतला तरी हंगाम गेलेला असतो, विमान गेलेलं असतं, आणि स्पर्धक देशाच्या हॉटेलांशी करार झालेले असतात. दोन महिन्यांची अशांतता त्या बाजारात दीड-दोन वर्षं मोजावी लागते.

भारतीय कुटुंब असं वागत नाही. तीन आठवड्यांवर सुट्टी आली की ठरवतं. चेन्नईहून कोलंबो तास-सव्वातासाचं अंतर. शेजारच्या देशातली बातमी त्याला कमी घाबरवते, कारण अशा बातम्या त्याने घरीही पाहिलेल्या असतात. त्यामुळे गोंधळ शमला रे शमला की शेजारी पहिला दारात येतो. तेव्हा २०२२ मध्ये आणि नंतरही श्रीलंकेच्या यादीत भारत पहिला आहे यात आश्चर्य नाही. तो आधीही पहिलाच होता. २०२४ मध्ये ४ लाख १७ हजार भारतीय गेले, म्हणजे दर पाच पर्यटकांतला एक. मधल्या काळात चेन्नई–जाफना विमान पुन्हा सुरू झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनमहून कांकेसंतुरैला बोट निघाली, फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय चालू लागलं. दारं एकाच बाजूला उघडत गेली.

रशियनांची गोष्ट वेगळी. युक्रेन युद्धानंतर युरोपचं आकाश त्यांना बंद झालं, आणि जे मोजके देश उघडे राहिले त्यांत श्रीलंका होती. म्हणजे ते आले ते दुसऱ्याच कुणाच्या राजकारणामुळे. तो धागा किती नाजूक असतो पाहा. जून २०२२ मध्ये, देशाकडे डिझेलला डॉलर नसताना, एका व्यापारी वादात कोलंबोच्या न्यायालयाच्या आदेशाने एअरोफ्लोट या रशियन कंपनीचं विमान विमानतळावर अडवलं गेलं. काही दिवसांत ते सुटलं, पण एअरोफ्लोटने सेवा थांबवली ती ऑक्टोबरपर्यंत. त्या वेळी सगळ्यात जास्त पर्यटक देणाऱ्या बाजारांपैकी एक, एका कागदाने बंद. २०२४ पर्यंत मात्र रशियन दोन लाखांवर जाऊन दुसऱ्या क्रमांकावर स्थिरावले होते, ब्रिटन आणि जर्मनीच्या पुढे.

तर 'पर्यटक परत आले' याचा अर्थ असा: एक वेगळीच गर्दी त्याच दारातून आत आली.

याने काय बदलतं ते मी एका माणसावरून सांगतो. नाव नको. मी त्याला मल्ली म्हणतो, सिंहलीत धाकटा भाऊ. तो मला अय्या म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. तिथे ड्रायव्हर-गाईड नावाचा एक परवानाधारक वर्ग आहे: स्वतःची व्हॅन, लीजिंग कंपनीचा हप्ता, एक परदेशी भाषा. मल्लीने कोलंबोच्या गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं घालून जर्मन पक्कं केलं. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे साठीतली जर्मन जोडपी. बारा-तेरा दिवसांची फेरी: सिगिरिया, पोलोन्नरुवा, कँडी, चहाचे मळे, यालाची जंगल सफारी, मग दक्षिणेचा किनारा. वाटेत मातलेची मसाल्याची बाग, तिस्समहारामाचे जीपवाले, एखाद्या गावातलं जेवण, लाकडी मुखवट्यांचं दुकान. शेवटच्या दिवशी पाकिटात घालून युरोमध्ये टिप. एका जोडप्याचा पैसा आठ-दहा गावांत थोडा थोडा सांडत जायचा.

आज त्याच्या व्हॅनमध्ये बहुतेक वेळा आपल्याकडचं सहा जणांचं कुटुंब असतं. पाच दिवस: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, परत. सिगिरिया बऱ्याचदा गळतं, कारण लहान मुलं आणि आजी चढणार नाहीत. गेले तरी सार्क, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या देशांच्या नागरिकांना तिकीट स्वस्त. यालाच्या जंगलात जायला वेळच नाही. नुवारा एलियाजवळच्या सीता एलियाच्या देवळात आणि रंबोड्याच्या हनुमान मंदिरात मात्र गर्दी, आणि त्या रस्त्यावर शाकाहारी जेवणाच्या पाट्या लागल्यात. तिथल्या लोकांचं खरंच बरं चाललंय. जीपवाल्याचं नाही. मल्लीला वर्षाकाठी पूर्वीपेक्षा जास्त फेऱ्या कराव्या लागतात, विमानतळाच्या रिकाम्या खेपा वाढल्या, आणि त्याची जर्मन भाषा घरात पडून आहे. तोडकंमोडकं हिंदी तो आमच्याच मालिका बघून शिकला. मशीन जुनं झालं तर विकता येतं. भाषा भंगारात घालून काही मिळत नाही.

इथे आपल्याच लोकांची निंदा करायचा मोह होतो, तो टाळतो. "भारतीय घासाघीस करतात, खर्च करत नाहीत" हे तिथल्या हॉटेलांच्या गप्पांतलं लाडकं वाक्य. ते अर्धवट आहे. कोलंबोतली भारतीय लग्नं, कंपन्यांच्या परिषदा आणि कॅसिनोची मंडळी एका रात्रीत जो खर्च करतात तो पाहून युरोपीय जोडपं चक्कर येऊन पडेल. शिवाय कठीण काळात जे आले ते हेच. फरक सवयीत आहे: रात्री कमी, खर्च शहरात आणि मोठ्या हॉटेलांत एकवटलेला. देशाच्या तिजोरीला चालतं, तिस्समहारामाला नाही.

रशियनांचं उलट. ते राहतात खूप, कधी महिनोनमहिने, पण उनावटुना, हिक्कडुवा, वेलिगामा या किनारपट्टीवर भाड्याच्या बंगल्यांत. दीर्घ मुक्काम म्हणजे चांगलं, असं पाठ्यपुस्तक सांगतं. प्रत्यक्षात दीर्घकाळ राहणारा माणूस हळूहळू पाहुण्याचा दुकानदार होतो. रशियन भाषेतले कॅफे, स्कूटर भाड्याने देणारे, सर्फिंग शिकवणारे, टूर विकणारे, सगळे त्यांचेच, गिऱ्हाईकही त्यांचंच, आणि व्यवहार बऱ्याचदा देशाबाहेरच्या बाहेर. फेब्रुवारी २०२४ मध्ये उनावटुनातल्या एका 'फक्त गोऱ्यांसाठी' पार्टीवरून गदारोळ उठला. त्याच सुमारास युद्धापासून रशियन-युक्रेनियनांना दिली जाणारी मुदतवाढ बंद करून दोन आठवड्यांत देश सोडायला सांगणारा आदेश निघाला, आणि लगेच राष्ट्राध्यक्षांनी त्या आदेशाचीच चौकशी लावली. स्थानिक रागावलेले, पण त्याच स्थानिकांचे बंगले भाड्याने गेलेले. आता सांगा, सरकारने कुणाचं ऐकायचं?

पाहुण्याच्या बरोबर त्याचीच साखळी येते, हे थायलंडने याआधी मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. २०१४ च्या सुरुवातीला बँकॉक बंद पाडण्याची आंदोलनं, मे महिन्यात लष्करी उठाव; वर्षभरात पर्यटक २.६५ कोटींवरून २.४८ कोटींवर. पुढच्याच वर्षी जवळपास तीन कोटी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भर मुख्यतः चीनची होती, एका वर्षात ४६ लाखांवरून ७९ लाख, आणि त्यात 'झिरो डॉलर टूर' नावाचा प्रकार बोकाळलेला: सहल तोट्यात विकायची आणि ठरलेल्या दुकानांत खरेदीला भाग पाडून भरपाई करायची. बस त्यांची, दुकान त्यांचं, हॉटेल त्यांचं. २०१६ मध्ये सरकारने या कंपन्यांवर छापे घातले तेव्हा काही काळ चिनी पर्यटकच कमी झाले, म्हणजे रोग आणि धंदा किती एकजीव झाला होता ते कळलं.

एकाच देशावर झुकण्याचा धोका निराळा. इजिप्तने २०११ च्या उठावानंतर तांबड्या समुद्राचे किनारे रशियन आणि ब्रिटिश पर्यटकांवर पुन्हा उभे केले. लक्सरच्या नाईल बोटी मात्र रिकाम्याच होत्या, कारण किनाऱ्यावरचं सगळं-समाविष्ट पॅकेज घेणारा माणूस इतिहास बघायला निघत नाही. ३१ ऑक्टोबर २०१५ ला शर्म अल-शेखहून निघालेलं रशियन विमान पाडलं गेलं, २२४ जण गेले. रशियाने उड्डाणं थांबवली. पुढच्या वर्षी देशभरात ५४ लाख पर्यटक. २०१० मध्ये ते एक कोटी सत्तेचाळीस लाख होते. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यांवर रशियन विमानं पुन्हा उतरली २०२१ च्या ऑगस्टमध्ये. जवळजवळ सहा वर्षं, आणि किल्ली मॉस्कोत.

मालदीव त्यातून वाचला. जानेवारी २०२४ मध्ये भारताशी झालेल्या वादानंतर भारतीय दोन लाख नऊ हजारांवरून एक लाख तीस हजारांच्या आसपास आले, पण चीन आणि युरोप इतके होते की वर्षाचा एकूण आकडा उलट वाढून वीस लाखांपुढे गेला. चार पायांचं टेबल होतं, म्हणून एक हलला तरी पडलं नाही.

आता श्रीलंकेतली कुरकुर. तिची आणखी दोन कारणं आहेत आणि ती पर्यटकांच्या पासपोर्टशी जोडलेली नाहीत.

पहिलं दर. गोंधळात हॉटेलं दर पाडतात, पाडावेच लागतात. पण मी ज्या बाजूला बसायचो तिथून सांगतो: एकदा करारात खाली गेलेला दर वर न्यायला हॉटेलवाल्याला दात-ओठ खावे लागतात. आम्ही जुना कागद पुढे सरकवायचो, बस्स. सरकारलाही हे दिसत होतं. ऑक्टोबर २०२३ पासून कोलंबोतल्या पंचतारांकित हॉटेलांना शंभर डॉलरचा किमान दर बांधून दिला, त्यावर धंद्यातच दोन तट पडले. माझ्या मते असा सरसकट किमान दर चुकीचा; परिषदांचे मोठे गट लगेच दुसऱ्या देशात जातात.

दुसरं माणसं. २०२२ या एका वर्षात तीन लाखांहून अधिक श्रीलंकन नोकरीसाठी देशाबाहेर गेले. त्यात हॉटेलातले आचारी, कॅप्टन, हाउसकीपिंगच्या पर्यवेक्षक बायका भरपूर. आखातातल्या आणि मालदीवच्या हॉटेलांनी तयार माणसं उचलली. २०२४ मध्ये ज्या हॉटेलात खोल्या भरल्या होत्या तिथे मी रिसेप्शनला शिकाऊ मुलं पाहिली, आणि रात्री नळ गळतोय म्हणून तक्रार केली तर दुरुस्तीवाला सकाळी आला. वाहन आयात मार्च २०२० पासून बंद असल्याने जुन्या व्हॅनना नव्यापेक्षा जास्त भाव येत होता, म्हणून कित्येक ड्रायव्हर-गाईड व्हॅन विकून निघून गेले. पर्यटक परतला, त्याला सांभाळणारा हात मात्र परतला नव्हता.

आणि एक उलटी गोष्ट, जी प्रश्नात नाही पण विचारायला हवी होती. अशांततेमुळे पर्यटन जातं तसं पर्यटन गेल्यामुळे अशांतता येते. परदेशी कामगारांनी पाठवलेले पैसे आणि तयार कपड्यांची निर्यात यांच्यानंतर पर्यटन हा तिथला डॉलरचा तिसरा मोठा झरा होता. ४.३८ अब्जांचा तो झरा करोनाच्या २०२१ या वर्षात अर्ध्या अब्जावर आला. त्यात २०१९ च्या शेवटची करकपात, बेसुमार कर्ज, २०२१ ची रासायनिक खतबंदी. एकट्या पर्यटनाने देश बुडवला असं कुणी म्हणू नये. पण डिझेल आणि औषधं आणायला जे डॉलर लागत होते त्यातले बरेच पूर्वी हॉटेलच्या बिलातून यायचे. २०२२ मध्ये कोलंबोतल्या गाल फेसच्या हिरवळीवर आंदोलनाचे तंबू पडले ते ज्या हॉटेलांच्या समोर, त्यांच्या खोल्या दोन वर्षं रिकाम्या होत्या.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही देशाचा "पर्यटन पूर्वपदावर" असा मथळा वाचलात तर चार गोष्टी शोधा: सरासरी किती रात्री, पहिल्या दोन देशांचा वाटा किती, विमानं कुणाची, आणि राजधानी व किनारा सोडून आतल्या गावांत खोल्या किती भरल्या. शेवटचा आकडा बहुधा छापलेला नसतो. मी मल्लीला फोन करून विचारतो, "यालाला शेवटचा कधी गेलास?" मागच्या वेळी त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "अय्या, मुलाला बिबट्या दाखवायला गेलो होतो. पाहुणे नव्हते."